नागपूरचा उन्हाळा, इंजिनात जाणारी हवा आणि मेलेला पिकअप

मानेवाडाकर | १९ मे, रात्री ९:४०

मंडळी, गाडी साडेपाच वर्षं जुनी. १२०० सीसी पेट्रोल, टर्बो वगैरे काही नाही. डिसेंबरात सकाळी काढली की गाडी नवरदेवाच्या घोडीसारखी थुईथुई करते. मे लागला की तीच गाडी कळमन्याच्या कांद्यानं भरलेला मेटॅडोर होते. गेल्या रविवारी रामटेकला गेलो होतो. गडमंदिराच्या चढणीवर चौघं बसलेले, एसी चालू, दुसरा गिअर, पाय पार खाली दाबलेला, आणि गाडी विचार करतेय. मागून सासरे म्हणाले, "जावईबापू, मी उतरून चालू लागू का?" आता हे वर्षभर ऐकावं लागणार.

घरी आल्यावर ओबीडीचा डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा) मागवला आणि मोबाइलला जोडला. आज दुपारी साडेतीनला व्हरायटी चौकाच्या सिग्नलला पाहिलं, इनटेक एअर टेंपरेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, ७१ अंश! बाहेर ४४. म्हणजे इंजिन भट्टीतली हवा ओढतंय की काय?

दोन प्रश्न. एक, पिकअप मरण्याचं कारण हेच का? दोन, ४९९ रुपयांत एक 'परफॉर्मन्स चिप' मिळतेय, इनटेकच्या सेन्सरच्या वायरीत लावायची. म्हणे १५ टक्के ताकद वाढते. घेऊ का?

---

वऱ्हाडी_डिझेल | १९ मे, रात्री ९:५८

७१ पाहून घाबरून राहिला का बापा? ३० मे २०२४ ले आपल्या नागपुरात ऑटोमॅटिक हवामान केंद्रानं ५६ अंश दाखोलं होतं. साऱ्या देशाच्या टीव्हीवर आपण झळकलो. मंग हवामान खात्यानं सांगतलं का सेन्सर बिघडला होता. खरा रेकॉर्ड २३ मे २०१३ चा, ४७.९. तवा पयले सेन्सर खरं बोलते का ते पाय, मंग इंजिनाले शिव्या दे.

---

निवृत्त_मास्तर | १९ मे, रात्री १०:३१

वरचा सल्ला विनोदी वाटला तरी रास्त आहे. सेन्सर तपासायची सोपी रीत सांगतो. रात्रभर सावलीत उभी असलेली गाडी सकाळी स्टार्ट न करता फक्त इग्निशन ऑन करा. इनटेकचं तापमान, कूलंटचं तापमान आणि बाहेरचं तापमान, तिन्ही जवळजवळ सारखी दिसायला हवीत. दोन-तीन अंशांचा फरक चालतो. हा सेन्सर म्हणजे साधा थर्मिस्टर असतो, गरम झाला की त्याचा रोध कमी होतो. वायर तुटली तर रोध अनंत, मग संगणकाला वाटतं बाहेर कडाक्याची थंडी आहे. अशा वेळी स्कॅनरवर उणे ४० दिसतं आणि पी ०११३ हा कोड येतो. तुम्हाला ७१ दिसतंय, म्हणजे वायर तरी शाबूत आहे.

आता मूळ मुद्दा. इंजिन हवा लिटरनं मोजून घेतं, पण पेट्रोल जळतं ते हवेच्या वजनाच्या हिशेबानं. एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. १२०० सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला पूर्ण श्वास घेत असेल तर मिनिटाला १८०० लिटर हवा ओढतं. लिटर ठरलेले. त्या लिटरांत माल किती, हे तापमान ठरवतं. समुद्रसपाटीच्या दाबाला १५ अंशांची एक घनमीटर हवा १.२२५ किलो भरते. ४५ अंशांची भरते १.११ किलो. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशेच्या वर मीटर असल्यानं तीन-साडेतीन टक्के आधीच कटतात, पण ते बाराही महिने.

डिसेंबरातल्या सकाळचे १० अंश म्हणजे २८३ केल्विन, मे महिन्यातले ४५ म्हणजे ३१८. भागाकार केला की ०.८९. हवा ११ टक्के कमी, म्हणून ताकदही ११ टक्के कमी.

---

धरमपेठची | १९ मे, रात्री ११:१५

मास्तर, नमस्कार. माहेर धरमपेठ, नोकरी पुण्यात, इंजिन टेस्ट सेलमध्ये. तुमचा हवेचा हिशेब बरोबर आहे. शेवटची उडी मात्र थोडी लांब पडली.

टेस्ट बेडवर रोजचं हवामान वेगळं असतं, म्हणून आलेला आकडा प्रमाण हवेवर आणावा लागतो. एसएई जे १३४९ नावाच्या मानकात ही प्रमाण हवा २५ अंश आणि ९९ किलोपास्कल आहे. त्यात टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनासाठी केल्विन तापमानांचं थेट गुणोत्तर घेत नाहीत, त्याचं वर्गमूळ घेतात. कारण असं की थंड हवा आत येताना मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप), व्हॉल्व्ह, सिलिंडरच्या भिंती यांच्याकडून भरपूर उष्णता घेते आणि आत पोचेपर्यंत फुगते. आधीच तापलेली हवा त्या मानानं कमी उष्णता घेते. म्हणजे बाहेर दिसणारा फरक आत जाईतो निम्म्यावर येतो. ०.८९ चं वर्गमूळ ०.९४. तोटा ११ नाही, ६ टक्क्यांच्या आसपास.

८० हॉर्सपॉवरच्या इंजिनात ६ टक्के म्हणजे पाचेक हॉर्सपॉवर. जाणवेल, पण सासऱ्यांना उतरून चालावं लागेल इतकं नाही. तिथं दुसरंही काहीतरी आहे.

त्यातलं एक म्हणजे टायमिंग. हवा गरम असली की सिलिंडरच्या कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप भडकतं. तेच नॉकिंग. ते टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इनटेकचा आकडा पाहून आधीच ठिणगी थोडी उशिरा टाकतो, आणि नॉक सेन्सरला ठोका ऐकू आला तर आणखी मागे ओढतो. ठिणगी उशिरा म्हणजे तेवढ्याच पेट्रोलात कमी जोर. हा तोटा वरच्या ६ टक्क्यांत धरलेला नाही, आणि भर उन्हात चढणीवर तो बराच असू शकतो.

---

पुणेरी_टर्बो | २० मे, सकाळी ७:२०

टर्बो घ्या. प्रश्न मिटला. ;)

---

धरमपेठची | २० मे, सकाळी ८:०५

@पुणेरी_टर्बो, मिटला नाही, वाढला! टर्बो हवा दाबतो, आणि दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारताना बुड गरम होतं ना, तेच. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली आणि हवा दुप्पट दाबाला नेली, तर १५ अंशांची हवा बाहेर पडते १०५ ला आणि ४५ अंशांची १४४ ला. बाहेर ३० चा फरक, आत ३९ चा. पुढे इंटरकूलर ती थंड करतो, पण कशानं? त्याच ४५ अंशांच्या वाऱ्यानं. चांगला इंटरकूलर त्या १४४ ला ७५ पर्यंत आणेल. सिग्नलला वारा नाही, तेव्हा तोही तापून बसतो. टर्बो पेट्रोलवाल्यांनी मे महिन्यात पहिल्या दोन ओढींनंतर तिसरी ओढ का ढिली पडते ते आठवून पाहावं.

---

वऱ्हाडी_डिझेल | २० मे, सकाळी ९:४४

आमच्या जुन्या जीपले ना सेन्सर, ना ईसीयू. उन्हाळ्यात माल भरून चढावर गेली का काळा धूर सोडते. हिवाळ्यात तेवढा नाई सोडत. तो बी ह्याच हवेचा खेळ होय का?

---

धरमपेठची | २० मे, सकाळी १०:१०

होय. तुमचा पंप पाय दाबाल तेवढं डिझेल देतो, हवा हलकी झाली हे त्याला कळत नाही. डिझेल तेवढंच, हवा कमी, उरलेला कार्बन सायलेन्सरातून. नवी डिझेलं हवा मोजून डिझेल कापतात, म्हणून धुराऐवजी जोर कमी होतो.

---

घाटरोडवाला | २० मे, दुपारी २:५०

जेवण करून बसलो. गिऱ्हाईक नाही, कारण बाहेर निघायची कोणाची टाप नाही. मानेवाडाकर भाऊ, चिपचं आधी सांगतो. घेऊ नका. दोन आणली होती गिऱ्हाईकांनी, एक मी पक्कडीनं फोडून पाहिली. प्लास्टिकच्या डबीत एक रेझिस्टर, बाजारात रुपया-दोन रुपयांचा. तो सेन्सरच्या लाइनीत टाकला की ईसीयूला वाटतं हवा गार आहे. मग तो पेट्रोल वाढवतो आणि ठिणगी अलीकडे आणतो. हवा तर गरमच आहे ना? पेट्रोल जास्त, ठिणगी लवकर, नॉकिंग. साध्या चालीत सायलेन्सरातला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल परत कापून टाकतो, म्हणजे फायदा शून्य. आणि चढणीवर पाय पूर्ण दाबला, जिथं खरं जपायला पाहिजे, तिथंच मार खायची पाळी पिस्टनवर.

आता तुमचे ७१. सिग्नलला पाहिले ना? त्याला काही अर्थ नाही. गाडी उभी, इंजिन आयडलला, हवा घोट-घोट जातेय. तेवढी हवा गरम पाइपातून रेंगाळत जाते आणि तापते. सेन्सर मॅनिफोल्डवर बसलेला असेल तर तो हवेचं कमी अन् स्वतःच्या बुडाचं तापमान जास्त सांगतो. पाय दाबला की दसपट हवा धावते, आकडा भराभर उतरतो. म्हणून चालत्या गाडीत पाहायचं. वर्धा रोडला लागा, एका चालीनं ८० वर दहा मिनिटं चालवा, मग आकडा सांगा. शेजारच्यानं वाचायचा, तुम्ही नाही.

जाता जाता, जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी मे महिन्यात अँबेसेडर, फियाट भर रस्त्यात बंद पडायच्या आणि ड्रायव्हर गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकायचा. तो रोग वेगळा. तिथं पेट्रोलचीच वाफ व्हायची आणि पंप ओढत नव्हता. आता पंप टाकीत बुडालेला असतो आणि लाइनीत प्रेशर असतं, म्हणून तो त्रास गेला. पण लोक अजून दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरतात.

---

संत्रागोळी | २० मे, दुपारी ४:१२

हे सगळं ई-२० मुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे होतंय. कोणी बोलत कसं नाही?

---

निवृत्त_मास्तर | २० मे, सायंकाळी ६:००

ई-२० वर पाचशे प्रतिसादांचा धागा शेजारीच धगधगतोय, तिथं जावं. इथल्यापुरतं एवढंच की इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते आणि त्याचं ऑक्टेनही जास्त, म्हणजे नॉकिंगच्या बाबतीत ते उन्हाळ्यात उलट मदतच करेल. लिटरमागे ऊर्जा कमी हे खरं, पण ती डिसेंबरातही कमीच असते.

आणि वर्गमूळाबद्दल धरमपेठची यांचे आभार. पस्तीस वर्षं शिकवलं, पण हा भागाकार सरळच करत आलो.

---

मानेवाडाकर | २१ मे, रात्री ८:५५

चिप कॅन्सल. बायकोला शेजारी बसवून आज दुपारी खापरीच्या पुढे बुटीबोरीपर्यंत गेलो. बाहेर ४४. एका चालीनं ८०, एसी चालू. आकडा ६३ वर येऊन थांबला, खाली जाईना. सकाळी इग्निशन ऑन करून पाहिलं होतं, तिन्ही आकडे ३२-३३. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय.

---

घाटरोडवाला | २१ मे, रात्री ९:२०

६३? चालत्या गाडीत बाहेरच्यापेक्षा सहा-आठ, फार तर दहा जास्त असावेत. तुमचे एकोणीस आहेत. ही हवा बोनेटच्या आतली आहे, बाहेरची नाही. बोनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्याला पुढे एक सोंड असते, हेडलाइटच्या मागे नाहीतर जाळीच्या वर तोंड काढून बसलेली. ती जागेवर आहे का पाहा. बंपरचं काम केलं होतं का मधे?

---

मानेवाडाकर | २१ मे, रात्री ९:३१

काका, तुम्ही ज्योतिष पाहता का? जानेवारीत उमरेड रोडला रानडुक्कर आडवं आलं होतं. बंपर आणि एक हेडलाइट बदलला.

---

धरमपेठची | २१ मे, रात्री ९:४०

थांबा! सोंडेला हात लावायच्या आधी एक माप घ्या, नाहीतर नंतर "गाडी उडायला लागली" असं लिहाल आणि आम्हाला मान डोलवावी लागेल. मिहानमधला एखादा मोकळा सरळ रस्ता, तिसरा गिअर, ४० ते ८० किती सेकंदांत, मोबाइलवर चित्रीकरण. एकदा पहाटे, एकदा दुपारी. माणसं तेवढीच, पेट्रोल साधारण तेवढंच, जाता-येता दोन्ही दिशांनी. एसी बंद ठेवा. एसीसकट वेगळं घ्या.

---

वऱ्हाडी_डिझेल | २१ मे, रात्री १०:०२

मी तं म्हणतो डब्याले लंबा पाइप लावा अन् तोंड खाली बंपरात सोडा. थंडी हवा भेटन.

---

घाटरोडवाला | २१ मे, रात्री १०:१५

अन् पावसाळ्यात? २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, त्यानंतर महिनाभर मी दुसरं काम केलं नाही. इंजिनानं पाणी पिलं की पिस्टनला ते दाबता येत नाही, रॉड वाकतो. हवेपेक्षा पाणी महाग पडतं भाऊ. कंपनीनं सोंड वर उगाच नाही ठेवली. तेच बोनेटमध्ये उघडा कोन फिल्टर लावणाऱ्यांचं. आवाज मस्त येतो, अन् ओढतो रेडिएटरची गरम हवा. पाचशेची चिप लावा की पाच हजाराचा कोन, माती तीच.

---

शंकरनगर_सायकलवाला | २२ मे, सकाळी ६:४०

बारीक शंका. गरम हवेनं पिकअप जातो, पण मायलेज वाढतं असं कुठंतरी वाचलं होतं. थाप का?

---

धरमपेठची | २२ मे, सकाळी ८:३०

थाप नाही. पेट्रोल इंजिनात ८० च्या चालीला लागणारा जोर थोडासाच, म्हणून थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरचा पडदा, जेमतेम उघडा असतो आणि इंजिन बंद नाकानं श्वास घ्यावा तशी हवा ओढत राहतं. त्यात इंधन वाया जातं. हवा हलकी असली की तेवढ्याच जोरासाठी थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, नाक मोकळं होतं. शिवाय हलकी हवा गाडीलाही कमी अडवते. जुन्या कार्ब्युरेटरच्या कित्येक गाड्यांत तर हिवाळ्यात सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवरून गरम हवा ओढायची सोय असे. पण नागपुरात मे महिन्यात हा नफा एसी एका घासात खातो.

---

मानेवाडाकर | २५ मे, रात्री १०:४८

नवतपा आजच लागला आणि माझं काम आजच संपलं.

आधी सोंडेचं. हेडलाइट आणि बॅटरीच्या मधे हात घातला तर सोंड होती, पण तोंड पुढच्या फटीत नव्हतंच. रेडिएटरच्या पंख्यामागे वळून खाली लोंबत होती. तिला धरणाऱ्या दोन क्लिपांपैकी एक तुटलेली आणि दुसरी गायब. तुटलेल्या क्लिपच्या जागी कोणीतरी काळ्या टेपचा वेढा मारला होता, आणि तो उन्हानं सुटून गोंदाचा नुसता काळा चिकट पट्टा उरला होता. बोटाला लागला तो रॉकेलनं धुवावा लागला. ज्यांनी बंपर बसवला त्यांनी बिलात 'क्लिप सेट' लावलाय, ते बिल मी फ्रेम करून ठेवणार आहे. पाच महिने गाडी पंख्यानं फेकलेली रेडिएटरची हवा पीत होती. फिल्टरही त्या बाजूनं नको तितका काळा.

आता मापं. मी आणि बायको, तिसरा गिअर, ४० ते ८०, दोन्ही दिशांची सरासरी:

पहाटे साडेपाच, बाहेर ३१, इनटेक ३९, सोंड लोंबलेली, एसी बंद: ९.५ सेकंद.
दुपार, बाहेर ४५, इनटेक ६३, सोंड लोंबलेली, एसी बंद: १०.४.
दुपार, बाहेर ४५, इनटेक ५३, सोंड जागेवर, एसी बंद: १०.०.
तीच दुपार, सोंड जागेवर, एसी चालू: ११.१.

शेवटचा आकडा पाहून मी दोनदा मोजलं. बायको म्हणाली, "म्हणजे तुझा खरा चोर थंड हवा खातोय, गरम नाही."

---

धरमपेठची | २६ मे, सकाळी ७:५०

वा. ६३ चे ५३ झाले, तेवढ्यानं निव्वळ घनतेतून दीड टक्का मिळतो. तुम्हाला चार मिळाले. थोडी मोजण्यातली चूक धरा, उरलेलं बहुधा टायमिंग परत आल्याचं. डोंगलवर 'टायमिंग ॲडव्हान्स' दिसत असेल तर तेही एकदा आधी-नंतर पाहायला हवं होतं, हे मीच सांगायला विसरले.

एसीचा आकडा पटण्यासारखा आहे. लहान गाडीत कॉम्प्रेसर तीन-चार हॉर्सपॉवर सहज घेतो, आणि ४५ अंशांत कंडेन्सरला (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) उष्णता टाकायला जागाच नसते, दाब चढतो, भार वाढतो. म्हणजे उन्हाळा तुमच्याकडून दोनदा वसुली करतो. एकदा फिल्टरच्या दारात, एकदा कंडेन्सरच्या दारात.

---

घाटरोडवाला | २६ मे, दुपारी ३:०५

कंडेन्सरची जाळी पाण्यानं धुऊन घ्या. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पात्या वाकतात. आणि सोंडेला ओरिजिनल क्लिपच लावा, टेप नको. चाळीस रुपयांच्या आत येते.

---

संत्रागोळी | २६ मे, दुपारी ३:४०

म्हणजे ई-२० चा काहीच दोष नाही?

---

वऱ्हाडी_डिझेल | २६ मे, दुपारी ३:४२

जा नं बापा तिकडच्या धाग्यावर.

---

मानेवाडाकर | १ जून, रात्री ९:१०

धागा वर काढतोय. क्लिपा बसल्या, कंडेन्सर धुतला. आज परत रामटेक, तेच चौघं, दुपारचे एक. चढण सुरू व्हायच्या आधी एसी बंद केला आणि काचा खाली. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी वरपर्यंत न कुरकुरता गेली. इनटेक ५६.

वर पोचल्यावर सासऱ्यांनी दुपट्ट्यानं घाम पुसला आणि म्हणाले, "गाडी चांगली चढली जावईबापू. पण पुढच्या खेपेला मी चालतच येईन, तेवढा तरी वारा लागेल."